मासे का वाळतात

मंगळवार, ८ नोव्हेंबर १९३८

मासे! सव्वीस वर्षं बैल, घोडे, म्हशी पाहिल्या. अख्ख्या जालन्यात ढोरांचा सलोतरी म्हटलं की माझंच नाव. आणि आज अजीजुन्निसा बेगमसाहेबांनी टांगा पाठवला तो माशांसाठी! दिवाणखान्यात काचेचा हौद आहे, हैद्राबादेहून आणवलेला. नऊ मासे होते, तीन मेले. उरलेल्यांत एक काळा, चांगला गुबगुबीत. बाकी पाच लाल. डोकी मोठी, पोटं आत, पाठी सुरीसारख्या. बेगमसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "मेरे बच्च्यां हैं ये, सलोतरी साब. कुछ तो भी करो." करतो म्हटलं. काय करणार ते देवाला ठाऊक.

दुपारी टेंभुर्णीचा रखमाजी बैल दाखवायला आला, त्याला जेवायला घरी आणलं. बरोबर त्याचा भाऊ. आमच्या तुळजाबाई कुरकुरल्या — "चूल विझली की तुम्ही माणसं घेऊन येता! पीठ दिवसापुरतंच दळलेलं असतंय." बायकांचं हे नेहमीचंच. माझ्या दारातून कोणी उपाशी गेलेला नाही, एवढं मात्र खरं.

बुधवार, ९

हौदाचं पाणी बदलायला लावलं. चिमूटभर मीठ टाकलं. फरक नाही.

घरी दुसरंच दुखणं. सून चतुरा सात महिन्यांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा अंगानं भरलेली होती. आता हातातल्या बांगड्या कोपराला जाऊन टेकतात. वैद्यानं नाडी पाहिली, क्षय म्हणाला. खोकला नाही, ताप नाही — तरी क्षय. तुळजाबाईचा हेका, मुलगा हैद्राबादेहून यायच्या आत हिला माहेरी धाडा, दुसरी पाहू. मला राग आला. पण रोगाचं नाव ऐकून भ्यालोही. 

शुक्रवार, ११

आणखी एक लाल मासा मेला. पाटावर घेऊन चिरला. जंत नाही, गाठ नाही. आतडं कोरं! दाण्याचा कण नाही. नोकर लालमियाँला दरडावलं. तो बिचारा कुराणाची शपथ घ्यायला निघाला — "दो वख्त डालतौं साब. एक दाना नै बचता." दाणा उरत नाही आणि मासा उपाशी मरतो. डोकं चालेना.

तालुक्याहून आलेले दोघे कारकून जेवायला होते. बाजरीच्या भाकरीची फार तारीफ केली.

शनिवार, १२

वाटूरला चतुराच्या वडिलांना, कडूबांना पत्र टाकलं. लेकीला हवापालटासाठी घेऊन जा, एवढंच लिहिलं. क्षय हा शब्द लिहवला नाही. हवापालटाचा खरा अर्थ बाप ओळखेलच. गेलेली सून परत येत नाही.

पत्र टाकण्याआधी तिला हाक मारली. दाराआड उभी राहिली. पोटभर जेवतेस का, म्हणून विचारलं. "हाव, मामंजी." तुळजाबाई मधेच म्हणाल्या, "दुरडीत भाकरीचा तुकडा राहत न्हाई. खाती की! खाल्लेलं अंगीच लागत न्हाई तिच्या."

रविवार, १३

जेवायला तीन पाहुणे. बाकी काही नाही.

सोमवार, १४

सापडलं!

बैल वाळला तर मी आधी गव्हाणीशी उभा राहतो, मग औषधाचं बघतो. माशांच्या बाबतीत हे कसं सुचलं नाही? आज दाणा टाकायच्या वेळेलाच जाऊन हौदासमोर स्टुलावर बसलो. लालमियाँ रोज एकाच कोपऱ्यात मूठ सोडतो आणि कामाला निघून जातो. काळा मासा त्याची पावलं ओळखतो. आधीच कोपऱ्यात येऊन उभा! लाल मासे येतात, त्याला बघून अर्ध्या वाटेतून फिरतात. तो निवांत सगळं खाऊन घेतो. पाणी साफ. लालमियाँ खोटं बोलत नव्हता, फक्त बघत नव्हता.

काळ्याला वेगळ्या बरणीत काढायला सांगितलं. बेगमसाहेब चिडल्या. तो त्यांचा लाडका! "वो तो सबसे सीधा है! किसी को काटता नै."

"काटता नै," मी म्हटलं, "सिर्फ पहले आता है."

लालमियाँसुद्धा हसला. आनंदात येताना अडत्याला आणि त्याच्या मेव्हण्याला जेवायला घेऊन आलो.

गुरुवार, १७

लाल मासे चारही तगले. सकाळी पाहून आलो, तुटून पडून खात होते.

कडूबा गाडी घेऊन आले. लेकीकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी निघायचं म्हणाले. जेवल्याशिवाय सोडत नाही, म्हटलं. पाट मांडले आहेत.

गुरुवार, दुपारी

हात धुऊन नेहमीसारखा ओसरीवर आलो नाही. कडूबांना आग्रह करकरून वाढलं होतं, दुरडीचा तळ दिसत होता. का कोण जाणे, स्वयंपाकघराच्या दाराशीच बसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा. तुळजाबाईंनी उरलेली एक भाकरी घेतली, तिच्यातला चतकोर चतुराला दिला. चतुरानं वरणाचं भांडं विसळलं आणि ते पाणी चतकोरासंगं पिऊन घेतलं. दुरडी झटकून ठेवली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"न्हाई, मामंजी. पाहुणे असले तरच."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणात कडूबा गाडी जुंपत होते. जाऊन बैलांच्या मानेवरचं जू मीच उतरवलं.