फुटलं आणि फोडलं

सर,

परवा आईच्या तोंडून तुमचं वाक्य आलं आणि माझं डोकं फिरलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कळंबच्या आपल्या शाळेत तुम्हाला पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही, पण तुमचं वाक्य आमच्या घरात अजून ठणठणीत आहे. झालं असं, की येत्या रविवारी आम्ही सगळ्यांनी बारामतीकडच्या एका विज्ञान केंद्रात जायचं ठरवलंय. तिथं म्हणे काचेच्या कपाटात काही ठेवतच नाहीत. सगळं उघडं. फिरवा, दाबा, ओढा, चढून बसा. माझी मुलगी सातवीत आहे, तिच्या मैत्रिणी तिथं जाऊन आल्या आणि तेव्हापासून तिनं माझ्यामागं भुणभुण लावलीय. मी इंदापुरात कचेरीत नोकरी करते, त्यामुळं सुट्टी रविवारचीच. दादा माळेगावला राहतो, गाडी त्याची. आई कळंबलाच, एकटी. तर हे सगळं जुळवून मी आनंदानं आईला फोन केला, की तयार राहा, तुलाही यायचंय. ती आधी हसली. "हात लावायला तिकीट काडायचं? आन् मोडल्यावर?" मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरीला आदीच सांगून ठिव. कशाला हात लावायचा न्हाय. काय फुटलं तर फोडलं म्हणत्याल. आन् नाव आपलं यायचं." मी फोन ठेवला, दोन दिवस तेच डोक्यात घोळलं आणि आज कागद घेऊन बसले. आईशी भांडून उपयोग नव्हता, कारण वाक्य तिचं नव्हतंच.

आठवतंय का तुम्हाला? मला तर सगळं आठवतंय. प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली, तिची किल्ली कायम तुमच्या खिशात. आत शिरताना तुमचा हुकूम ठरलेला: "हात मागे." आम्ही सगळी पोरं हात पाठीमागं बांधून भिंतीला लागून उभी. टेबलावर ते जनित्र आहे. लाकडी पाटावर बसवलेलं, एका बाजूला हँडल, दुसऱ्या बाजूला बोराएवढा बल्ब. हँडल फिरवलं की बल्ब लागतो, जोरात फिरवलं की लख्ख होतो. तुम्ही एकेकाला पुढं बोलावताय. लासुर्ण्याहून सायकलवर येणारा बागायतदाराचा मुलगा फिरवतो. त्याच्या मागची मुलगी फिरवते, बल्ब मिणमिणतो, सगळे हसतात. माझी पाळी येते. मी हात सोडून पुढं होते आणि तुम्ही म्हणता, "तू राहू दे. तू नुसती बघ." आणि पुढच्याला हाक मारता.

एकदाच झालं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण दर वेळी तेच. फक्त माझ्याच बाबतीत नाही, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या बाबतीत. दुसऱ्या कुणी हे केलं असतं ना, तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. तुम्ही आमचे होतात. आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचात. शाळेत सर आणि वस्तीत तात्या. जयंतीला विहारात उभे राहिलात की शिकण्यावर तासभर बोलायचात, आणि माझी आई पदराला डोळे पुसत ऐकायची. दुसऱ्या दिवशी शाळेत तोच माणूस मला म्हणायचा, हात मागे!

मग ते चंचुपात्राचं झालं. बागायतदाराच्या त्याच मुलाच्या हातून ते सटकलं आणि फरशीवर त्याचा चुरा झाला. मला वाटलं, आता याची धडगत नाही. आवाज ऐकून हेडमास्तर आले, त्यांनी काचांकडं बघितलं आणि म्हणाले, "फुटलं व्हय? काचंचंच हाय, फुटायचंच." संपलं. मुलगा बाहेर जाऊन पेरूही खायला लागला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कालव्याच्या कडेनं तुमच्या मागंमागं आले. तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. मी विचारलं, "सर, मला का न्हाई फिरवू देत?" तुम्ही थांबलात, मागं कुणी येतंय का ते बघितलंत आणि शाळेतली भाषा बाजूला ठेवून बोललात. "आगं, त्यांच्या हातनं पडलं की फुटलं म्हणत्यात. आपल्या हातनं पडलं की फोडलं म्हणत्यात. मी हितं हाय तवर आपल्या पोरांच्या नावावर फोडलं लागू द्यायचं न्हाय मला." व्याकरणाच्या तासाला मला अकर्मक आणि सकर्मक कधी कळलं नव्हतं. ते त्या कालव्यावर कळलं.

आणि मी मान हलवली, सर! त्याचाच मला आज जास्त राग येतो. मला ते पटलं. तुम्ही माझी काळजी करताय म्हणून ऊर भरून आला, घरी जाऊन मी ते वाक्य आईला सांगितलं आणि आईनं ते जन्मभरासाठी ठेवून घेतलं. आज मी तुमच्याशी भांडते. तुमचं शाळेबद्दल खरं होतं, मी नाही म्हणत नाही. त्यांनी म्हटलंच असतं, फोडलं. पण म्हणू द्यायचं होतं ना! त्यांच्या तोंडून ते बाहेर पडलं असतं, तर तुम्हाला उलटून बोलता आलं असतं, मला बोलता आलं असतं, निदान आईनं तरी शाळेत येऊन दोन शब्द सुनावले असते. त्यांनी मला कधी अडवलंच नाही. त्यांना गरजच पडली नाही. त्यांचं काम तुम्ही फुकटात करून ठेवलंत, आणि त्याला माया असं नाव दिलंत.

ते भिंगही तसंच. मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून एक भिंग घेऊन आलात. काळ्या दांड्याचं, जड. आईनं चहा टाकला, तुम्ही उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर बसलात आणि माझ्या हातात ते देत म्हणालात, "घरातच वापर. शाळंत न्हिऊ नको." इतकी सुंदर वस्तू मला तोवर कुणी दिली नव्हती, आणि तिच्यासोबत तुम्ही कुलूपही देऊन गेलात. पुढं मी कला शाखेला गेले. का, ते मला कुणी विचारलं नाही. ज्या खोलीत हात मागे बांधून उभं राहायचं, त्या खोलीत आणखी काही वर्षं काढायची माझी तयारी नव्हती, एवढंच. ते भिंग आता मुलगी वापरते. उन्हात धरून कागद जाळते, मुंग्यांचे पाय बघते, एकदा तर वर्गात घेऊन गेली आणि मी तिला अडवलं नाही.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती विहारात जमली होती. भाषणं झाली. एक जण अभिमानानं म्हणाले, "सरांच्या हाताखाली आपल्या एका बी पोराकडनं शाळंतली वस्तू फुटली न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं, फुटेल कशी? पण तुमच्या फोटोला ताजा हार होता, तुमच्या घरच्या बाई समोर बसून रडत होत्या.

आता रविवारचं ऐका. दादाचं म्हणणं असं, की कळंबला येऊन आईला न्यायचं म्हणजे उलटा फेरा. "आन् ती आत थोडीच येणार हाय? बाहीर सावलीत बसंल, डबं सांभाळंल." मी त्याला फोनवरच झापलं. म्हटलं, डबे तू सांभाळ. धपाटे मी करीन, शेंगदाण्याची चटणी वहिनी करेल, पण आई आत येणार आणि जे दिसेल त्याला हात लावणार. तो म्हणाला, तुला झालंय काय? शेवटी येतो म्हणाला. इथपर्यंत बुधवारी लिहिलं होतं.

आज सोमवार. काल जाऊन आलो, सर. आईचे गुडघे दुखत होते तरी ती आत आली, माझा हात घट्ट धरून. दाराशीच पाटी होती, वस्तू हाताळून पाहा. ती मी तिला मोठ्यानं वाचून दाखवली तरी तिचा विश्वास बसला नाही. मुलगी तर आत शिरल्याबरोबर दिसेनाशी झाली. आणि मग एका टेबलावर तेच. जनित्र. आपल्यापेक्षा मोठं, एका बल्बऐवजी बल्बांची अख्खी रांग, पण हँडल तसंच. मी कुणाची वाट बघितली नाही. दोन्ही हातांनी धरलं आणि एवढ्या वर्षांच्या जोरानं फिरवलं. पहिला बल्ब लागला, दुसरा लागला, आणि हँडल माझ्या हातात आलं!

आमच्या घराची तऱ्हा बघायला हवी होती तुम्ही. आई कुजबुजली, "कुणी बघितलं न्हाय. ठिव तसंच." दादा एकदम म्हणाला, "चला चला, जेवायची येळ झाली," आणि दाराकडं निघालासुद्धा. वहिनीनं मुलांना जवळ ओढलं. मी हँडल हातात धरून उभी. तिथं काम करणारी एक मुलगी आमच्याकडं येत होती. ती काही बोलायच्या आत मी तिला माझं नाव सांगितलं. आडनावासकट, गावासकट. तिनं विचारलं नव्हतं. ती गोंधळून बघत राहिली, मग हसली. "निघालं का ताई? निघतंय ते सारखं." खिशातून पाना काढून तिनं हँडल बसवलं. "फिरवा आता. जोरात फिरवा, काय होत न्हाय."

निघालं म्हणाली, सर. काढलं नाही म्हणाली, तोडलं नाही. माझं नाव, आडनाव, गाव सगळं ऐकून म्हणाली, निघालं.

विहारात दरवर्षी तुमच्या फोटोला हार घालतात, तेव्हा हे वाचून दाखवायचं असं लिहायला घेताना मनात होतं. सगळ्यांसमोर तुम्हाला जाब विचारायचा होता. आता नाही वाचणार. राग गेलाय म्हणून नाही, तो आहे तसा आहे. कारण वेगळं आहे. हँडल बसवल्यावर ते मी नाही फिरवलं. आईनं फिरवलं. तिनं पदर खोचला, गुडघ्याकडं न बघता वाकली, आणि सगळी रांग लागल्यावर ओरडली, "आगं, लागलं की!" दादानं त्याच क्षणी फोटो काढला आणि रात्री घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात आई हसतेय, मुलगी टाळ्या वाजवतेय, आणि तिच्याशेजारी मी उभी आहे, हात मागे बांधून. तो फोटो मी कापला. माझ्याकडं ठेवलाय त्यात फक्त आई आणि मुलगी आहेत.