आप्पांचे वर धरलेले हात

निपाणी, १० मार्च २०२५

चि. सुनयना हिस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आप्पा गेले त्या सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, चूल पेटवली. तुझे आप्पा वखारीत काठीनं तंबाखू बडवायचे, त्यामुळं कपड्यांचा वास जायचा नाही. जयंतीसाठी पांढरा सदरा घासघासून धुतला तरी वास राहिलाच. ते हसून म्हणाले, राहू दे गं, मिरवणुकीत कोण हुंगायला येतंय. तुझ्या वेण्या घातल्या. भाकरी करून दुरडीत झाकल्या. त्या तशाच राहिल्या.

तू विचारलंस म्हणून एवढं लिहिलं. फोनवर माझा आवाज फुटतो, कागदावर हात तरी चालतो. पण मिरवणुकीवर चालून आलेल्यांनी आप्पांना ठार मारलं, त्यावरचा नाच तू निपाणीत करणार हे मला पटत नाही. बेंगळुरात कर, परदेशात कर. जमिनीवर लोळून नाचतेस आणि लोक तिकीट काढून बघतात, याचं मला अजून नवल वाटतं. इथं मात्र नको. कोर्टात मी एकटीच बोलले. शेजारच्या मालुबाईसकट सगळी गल्ली म्हणाली की आम्ही घरात होतो. मारणारे सुटले. त्यांतला मष्णू अजून स्टँडवर भेटला की विचारतो, वैनी, बरं हाय न्हवं.

जेवत जा. आईवर रागावलीस तरी पत्र धाड.
तुझी आई, तानीबाई

बेळगाव, १६ मार्च २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

रागावले नाही, पण ऐकणारही नाही. उद्यमबागेतल्या शेडमध्ये आमचा सराव जोरात आहे. शेजारच्या फाउंड्रीचा ठोका थांबला की नाच शिकणाऱ्या माझ्या मुलींचा ताल चुकतो, इतकी सवय झालीय.

परवा दोघंजण मोटारसायकलवरून आले. लोखंडी गजानं भिंतीवरचा आरसा फोडला आणि निपाणीत नाचलीस तर तंगड्या तोडू म्हणाले. त्या मुलींतल्या छोट्या नीलमच्या गालात काच घुसली. तिच्या आईनं ती काढली, पदरानं रक्त पुसलं आणि म्हणाली की आता तर पोरगी येणारच. मग मी कशी मागं हटू?

एक सांग. माझ्या आठवणीत मी कुठंतरी उंचावर आहे आणि खाली आप्पा दोन्ही हात वर करून डोलतायत. मी पाहिलेला पहिला नाच तो. मुलाखतींत मी हेच सांगते. आमच्याबरोबर नाचणारा दीपंकर आप्पा होतो, हात वर करून नाचतो, काठ्या बसतात आणि पडतो. असंच ना? कार्यक्रम २९ तारखेला आहे.

तुझ्या मायेतली जागा राखून ठेव.
सुनयना

निपाणी, २० मार्च २०२५

चि. सुनयना हिस,
जयभीम व आशीर्वाद.

ते नाचत नव्हते गं. बरगड्यांवर काठ्या पडत होत्या म्हणून अंग डोलत होतं. तुझी ती उंच जागा म्हणजे आप्पांचे हात. तू चार वर्षांची होतीस. भिंतीच्या पलीकडं मी होते आणि ते तुला वरून माझ्याकडं देत होते. डोकं फुटलं, गुडघा मोडला, तरी हात खाली आले नाहीत. तू माझ्या हातात आलीस, मग ते पडले.

तू नाचाचं सांगताना फुलून यायचीस, म्हणून माझ्यानं खरं सांगवलं नाही. पण मोकळ्या हातांचा आप्पा मला बघवणार नाही. करणारच असशील तर त्यांच्या हातात कुणीतरी दे. मी येते. पुढंच बसते.

सांभाळून राहा.
तुझी आई

निपाणी, २ एप्रिल २०२५

चि. सुनयना हिस,
जयभीम. पायाला आराम पडो.

तू शुद्धीवर नव्हतीस, म्हणून काय घडलं ते लिहिते. आप्पा तूच झालीस आणि नीलमला वर उचललंस. तेवढ्यात मष्णू स्टेजवर चढला. तुमच्याच नाचातली काठी उचलून त्यानं तुझ्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. लोकांना तोही नाचच वाटला. काहींनी टाळ्या वाजवल्या. दुसरी काठी पाठीत बसली, तरी तुझे हात वरच.

मी कशी चढले ठाऊक नाही. नीलमला तुझ्या हातातून घेतलं, मग तू पडलीस. मी वळून त्याचं नाव घेऊन ओरडले, तेव्हा कुठं सभागृह उठलं. दीपंकरनं त्याला खाली पाडलं. त्याच्या छातीवर जाऊन बसली ती मालुबाई. या वेळी मी घरात न्हाय, असं ती सारखी म्हणत होती.

डॉक्टर म्हणतात वर्षभर नाच नाही. मग बसून शिकव. तुझ्या मुलींनी हात खाली घेतलेले नाहीत.

आहे तेवढी सगळी माया तुझीच.
तुझी आई

ता. क. मी तुझ्याबरोबर बेळगावला दवाखान्यात आले नाही म्हणून तू रुसलीस, असं दीपंकर म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, भाकरी केल्या, खाल्ल्या आणि मालुबाईला घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन मष्णूचं नाव दिलं.