सकाळच्या शोमधला हम

३ एप्रिल, गुरुवार
आजपासून रोजनिशी. उद्या काही चौकशी झालीच, तर सगळं तारीखवार हाताशी असावं. वही कोणी वाचू नये म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे.

स्टेशनवर काहीतरी शिजतंय. सकाळी कुलूप उघडलं तर पांढऱ्या फळ्यावर गौरांगच्या अक्षरात लिहिलेलं: ‘सकाळच्या शोमध्ये हम आहे. ३१ मेपर्यंत हम पूर्ण काढायचा.’

सकाळचा शो माझा आहे. ‘पहाटेचा जॅझ’, सहा ते सात. नंदनवन वस्तीतल्या आमच्या या छोट्या सामुदायिक रेडिओवर तीन वर्षं मी एकटा तो चालवतो. रेल्वेच्या बँडात सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका गार्डसाहेबांनी आपल्या रेकॉर्डी आणि ही जागा दिली. अट एकच, रोज जॅझ वाजला पाहिजे. तो मी वाजवतो. मग हे ‘हम’ कोण?

व्याकरण माझं पक्कं आहे. सावनेरच्या पुढच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा होती, पण गुरुजी कडक होते. ‘हम काढायचा’ असं लिहिलं आहे. एकवचन, पुल्लिंग. म्हणजे माणूस एकच, पण स्वतःला ‘हम’ म्हणवणारा. गर्विष्ठ असणार. माझा संशय उत्तरावर होता (तिचा शो संध्याकाळी असतो, डोळा माझ्या वेळेवर), पण पुल्लिंग आडवं येतं.

संशय घेणं पंचशीलात कुठे मोडत नाही. दोनदा मनाशी तपासलं.

४ एप्रिल, शुक्रवार
गौरांगला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो दिवसा मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि हौसेने आमची यंत्रं सांभाळतो. म्हणाला, काका, हम म्हणजे घूंऽऽ असा आवाज, मशीनमधून येते तो. अस्सं. हे आधी सांगितलं असतं तर रात्रभर व्याकरण करावं लागलं नसतं.

दुपारी शोभाताईंनी मीटिंग घेतली. त्या स्टेशनप्रमुख, आधी मुख्याध्यापिका होत्या, आवाज अजून तसाच आहे. दुरुस्तीला मदत मिळाली आहे, एक जूनपासून नवं वेळापत्रक लागणार. तोवर हम गेला नाही तर सकाळचा तास बंद, आणि त्या जागी उत्तराचा संध्याकाळचा शो पुन्हा लावणार. उत्तरा खाली बघत होती. एवढं खाली बघायला टेबलावर काही नव्हतं.

मी हम-शोध समिती सुचवली आणि अध्यक्षपद स्वीकारलं. दुसरं कोणी इच्छुक नव्हतं.

संकल्प: (१) हम शोधणे. (२) निवेदन आणखी सखोल करणे. सध्या दर रेकॉर्डीमागे दोन पानं लिहितो, आता चार. (३) कोणावर उगाच राग धरायचा नाही.

७ एप्रिल, सोमवार
निरीक्षणं:
हम फक्त सहा ते सातमध्ये येतो. रेकॉर्ड चालू असतानाच येतो. मी बोलायला लागलो की थांबतो. बोलणं संपवून रेकॉर्ड लावली, की मिनिटाभरात हजर.

निष्कर्ष: जो कोणी करतो, त्याला माझा आवाज ओळखता येतो. माणूस जवळचाच आहे.

यात माझी एकाग्रता जाते ती वेगळीच. घरी पहाटे वंदनेला वेळ मिळत नाही, म्हणून रेकॉर्ड चालू असताना डोळे मिटून त्रिसरण-पंचशील म्हणतो. मनातल्या मनात. कोणाला त्रास नाही. त्यातच हा हम.

९ एप्रिल, बुधवार
खाली विक्रमची पिठाची चक्की आहे. घूंऽऽ असा आवाज दुसरं कोण काढणार? सरळ जाऊन विचारलं. तो म्हणाला, “चक्की आठले सुरू होते जी. सहाले मी खाटेवर पडून तुमचाच रेडिओ ऐकून राहिलो असतो.” मी विचारलं, ऐकता तर कालची रेकॉर्ड कोणती होती? म्हणाला, “ते बोलणं मले समजत नाही, पण आवाज मस्त असते.”

उत्तर फारच तयार होतं. निर्दोष माणूस थोडा अडखळतो.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. सकाळी वस्तीतल्या मिरवणुकीच्या तयारीत होतो, म्हणून माझा तास उत्तराने केला. हम आला नाही. एकदाही नाही.

यावर काही लिहायची गरज नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
तरी लिहितो. हमचा रोख यंत्रावर नाही, माझ्यावर आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार. पारा ४३.
कूलर हाही संशयित आहेच. समितीच्या अधिकारात तो बंद करून गॅलरीत ठेवला. पंखाही बंद. उत्तरा म्हणाली, “आम्ही काय पापड आहो का जी, वाळवून राहिले ते?” शोभाताई ओल्या रुमालाने वारा घेत म्हणाल्या, “आनंदराव, हम सापडेपर्यंत आम्ही जिवंत सापडलो पाहिजे ना!” लोकांना सुधारणा हवी असते, घाम नको असतो.

हम चालूच. म्हणजे कूलर निर्दोष. पण तो लगेच परत आणला तर समितीचा वचक राहणार नाही. आठवडाभराने आणीन.

२४ एप्रिल, गुरुवार
आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना गोधड्या लावल्या. घरातल्या सहा नेल्या. दीपमाला म्हणाली, “आईनं शिवलेल्या व्हत्या त्या. आता थंडीत काय जॅझ पांघरायचा?” बायकोला स्टेशनची बाजू समजावणं कठीण.

गोधड्यांचा परिणाम मात्र उत्तम. बाहेरचा सगळा गोंगाट गेला. त्यामुळे हम पूर्वीपेक्षा पुष्कळ स्पष्ट ऐकू येतो.

२ मे, शुक्रवार
काल बर्फ घातलेलं पन्हं तीन ग्लास घेतलं, घसा बसला. तरी निवेदन केलं. गौरांगने नोंदवहीत लिहिलं: ‘आज हम खरखरीत.’ हवामानाचा परिणाम असावा. तो मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत होता. याच्यावर आजवर संशय घेतला नव्हता. चूक झाली.

दिवसभराची नोकरी असताना हा पोरगा सकाळी सहाला फुकट कशाला येतो? जॅझ आवडतो म्हणे. तीन वर्षांत जॅझ आवडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

६ मे, मंगळवार
उत्तराची वही टेबलावर होती. उघडीच होती म्हणून वाचली. उचलली नाही, तेव्हा चोरी न करण्याचं दुसरं शील शाबूत. लिहिलं होतं: ‘पहाटे काय लावावं? हलकं, कमी बोलणं.’ कमी बोलणं! वार कोणावर आहे ते शाळकरी पोरालाही कळेल.

उत्तरादाखल उद्याचं निवेदन पाच पानांचं केलं. त्यातलं एक वाक्य फार साधलं आहे: जॅझ म्हणजे रस्ता सोडून शेतातून जाणारा माणूस, पण घरी सगळ्यांच्या आधी पोचणारा.

७ मे, बुधवार
निवेदन वाचता वाचता आणि मध्ये मध्ये खुलासे करता करता तास संपला. रेकॉर्ड लावायला वेळ उरला नाही. हम आला नाही!! समितीचं पहिलं यश. शोभाताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, जॅझ वाजला का? मी विषय बदलला.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.
सकाळी ४:३०. संकल्प: आज दिवसभर कोणावरही संशय घ्यायचा नाही. मन निर्मळ.
सकाळी ७:१५. शोमध्ये आज पूर्ण वंदना म्हटली, मनातल्या मनात, सावकाश. हमही आज सावकाश आणि लांब होता. गौरांग म्हणाला, “काका, आज हमले चाल होती.” चाल! मशीनला चाल असते का? हा पोरगा मला काय समजतो?
सकाळी ७:२०. संकल्प उद्यावर.

२० मे, मंगळवार. पारा ४५.
गौरांगचं म्हणणं, अर्थिंग खराब असेल. इमारतीमागे खड्डा खणायचा, त्यात मीठ-कोळसा घालायचा. मजूर ऊन उतरल्यावर येणार होता, पण तो कोणाचा माणूस आहे कोण जाणे. स्वतः खणला. पाच फूट. विक्रम चक्कीच्या दारातून म्हणाला, “काहून जी आनंदराव, विहीर काढून राहिले का?” पाणी मात्र त्यानेच आणून दिलं. प्यायच्या आधी वास घेऊन पाहिला. पाणीच होतं.

२१ मे, बुधवार
नवं अर्थिंग. हम आहे. अकरा दिवस उरले. वंदनेत मन लागत नाही. माझा तास गेला तर सकाळी सहाला मी काय करणार? गावाकडच्या लग्नात बँड यायचा. त्यातल्या क्लॅरिनेटमागे मी लहानपणी दोन कोस चालत गेलो होतो. घरी मार खाल्ला. त्या क्लॅरिनेटपाशी बसायला मिळालेला हा एकच तास आहे माझा.

२७ मे, मंगळवार
जमेल तसं लिहितो.

सव्वासहाला रेकॉर्ड चालू, माझे डोळे मिटलेले. गौरांग हळूच आत आला आणि त्याने माझ्या माइकची कळ खाली केली. ती मी कधी खाली करत नाही; सारखी खालीवर केली की वस्तू लवकर झिजते. हम बंद. कळ वर. हम. खाली. बंद.

मी डोळे उघडून म्हटलं, सापडला का? कोण आहे?

तो म्हणाला, “काका, हम म्हणजे आपण.”

मी म्हटलं, आपण सगळे कसे? सगळ्यांना कशाला ओढतोस, दोषी एकच असणार.

त्यावर त्याने कालचं रेकॉर्डिंग ऐकवलं, गाणं मागे दाबून. आधी नुसती घूंऽऽ. मग हळूहळू त्यात शब्द उमटायला लागले. ‘नमो तस्स’. खोल, शांत आवाज होता. मला वाटलं, कोणी सज्जन श्रद्धाळू माणूस दिसतो. ‘पाणातिपाता’ला तो माणूस जिथे श्वास घेतो, तिथे मीही श्वास घेतो, हे लक्षात आलं तेव्हा गौरांग खिडकीबाहेर बघत होता. चांगल्या घरचा मुलगा आहे.

समिती बरखास्त केली.

२९ मे, गुरुवार
काल आणि आज रेकॉर्ड लागली की माइक बंद. आवाज आरशासारखा स्वच्छ. शोभाताईंनी शब्द पाळला, तास माझाच राहिला. उत्तराने पेढा दिला. तिला सकाळची वेळ नकोच होती म्हणे. तिला पहाटे उठवत नाही. ती वहीतली नोंद तिने माझ्यासाठीच केली होती, सुचवायला. मी पेढा घेतला. खाल्ला संध्याकाळी.

रविवारच्या पहिल्या भागासाठी निवेदन: सात पानं.

३० मे, शुक्रवार
फोन येत आहेत. दोन दिवसांत एकोणीस. तीन वर्षांत माझ्या शोला दोन आले होते, त्यातला एक गॅस सिलिंडरसाठी. सगळे एकच विचारतात: ती घूं कुठे गेली? एका बाईचं नातवंड त्यावर झोपायचं. विक्रम जिना चढून वर आला: “मशीन सुधरवून बिघडवली जी तुम्ही. त्या आवाजानं दिवस बरा जात व्हता.”

शोभाताईंनी नवं वेळापत्रक लावलं. ‘सकाळी ६ ते ७: पहाटेचा जॅझ. आनंदराव यांच्या घूंसह. निवेदन नाही.’

मी विचारलं, सात पानांचं काय? त्या म्हणाल्या, “आनंदराव, तुमचं बोलणं विद्वत्तेचं आहे. म्हणूनच ते राहू द्या.”

१ जून, रविवार
माइक पूर्ण तास वर. बोलायचं नाही, फक्त मनातल्या मनात म्हणायचं. काचेपलीकडे शोभाताई, गौरांग, उत्तरा आणि विक्रम. डोळे मिटले. वंदना सुरू केली. ती खरंच मनातल्या मनातच राहिली. एक सूर बाहेर नाही. तासभर घाम.

२ जून, सोमवार
गोधड्या काढून पाहिल्या. कूलर लावून पाहिला. नाही.

३ जून, मंगळवार
डोळे किलकिले ठेवून पाहिलं. मुद्दाम दुसरा विचार करून पाहिला. जरा जोर लावला तर खोकला आला आणि तो प्रक्षेपित झाला. एक फोन. तब्येत विचारायला.

४ जून, बुधवार
गौरांगकडे एप्रिल-मेचं सगळं रेकॉर्डिंग आहे. त्यातली घूं वेगळी करून तो गाण्यांखाली लावणार. शोभाताई प्रेमानेच म्हणाल्या, “तुम्ही घरी आराम करा जी. तुमचा आवाज आहे ना आमच्यापाशी.” स्टेशनच्या किल्ल्या त्यांना दिल्या. गोधड्या परत आणल्या.

५ जून, गुरुवार
सकाळी ६. घरी रेडिओ लावला. क्लॅरिनेट. खाली घूं, संथ, गोड. दहा मिनिटं ऐकलं आणि शंका आली. हा आवाज माझ्यापेक्षा तरुण वाटतो. मी असा लांब श्वास घेत नाही. गौरांगने दुसऱ्याच कोणाला बसवलं असणार. नीट पडताळावं म्हणून डोळे मिटून, रेडिओबरोबर, मनातल्या मनात वंदना म्हणायला लागलो.

स्वयंपाकघरातून दीपमाला ओरडली, “काय घूंघूं लावली जी सकाळी सकाळी! जरा चूप बसा न, त्या रेडिओवाल्या माणसाचं ऐकू द्या.”