अर्थिंगला पाणी

५ मे
बालाघाटला आलो! नागपूरहून इथे बदली म्हणजे शिक्षा, असं ऑफिसात सगळे म्हणत होते. म्हणोत बापडे. अंगणासकट अख्खं घर भाड्याने मिळालं आणि माझ्या दोन मोठ्या स्पीकरांना हक्काची भिंत मिळाली. संध्या म्हणते, आधी सवतींची सोय, बायकोची चूल मागून. घरमालक चैतरामभाऊ किल्ली देऊन कटंगीच्या बसने लगेच परतले.

७ मे
स्पीकरांतून घूंऽऽ असा आवाज येतो. वायरी बदलल्या, मोबाइल दूर ठेवला, फ्रिज बंद केला, तरी घूं कायम. टिकाराम वायरमन म्हणाला, अर्थिंग सुकलंय. अंगणात अर्थिंगची तार पुरलेल्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून बादलीभर पाणी ओतलं. आवाज गायब! मी नवा अँप्लिफायर घ्यायला निघालो होतो. सुंठीवाचून खोकला गेला.

१० मे
माती वाळली की घूं परत येतो. संध्याला त्यात पाणी मागणारा माणूस ऐकू येतो. मी हसलो. ती मात्र खड्ड्याशी बसून ओंजळीने पाणी घालते. तहानलेल्याला नाही म्हणू नये, म्हणते.

१२ मे
आज मलाही ऐकू आलं. स्पीकरचं बटण बंद होतं. घाबरून चैतरामभाऊंना फोन केला. खड्ड्यात पाणी ओतल्याचं सांगितलं.
"तिथं पानी काहून टाकलं जी?"
तिथे विहीर खोदताना दरड कोसळली होती. महागू नावाचा मजूर खालून पाणी मागत राहिला. ते ऐकवेना, म्हणून विहीर बुजवली.
"हातानं पानी देल्लं का तो हात सोडत नाही."
संध्या अंगणात —

दुपारी
बादली आडवी. चप्पल काठाला. खड्डा जेमतेम हातभर खोल. नखांनी खणलं. आत माती कोरडी ठाक.

१३ मे
पोलीस म्हणतात, माहेरी विचारा. संध्या, मी काय करू गं?
स्पीकरमधून तिचा आवाज —
"अहो, पाणी."

१४ मे
बादल्या ओततोय. ओतलं की थांबते, वाळलं की पुन्हा मागते. टिकाराम पक्कड देऊन गेला. अर्थिंगची तार कापा, आवाज कायमचा जाईल, म्हणाला.
कायमचा. कशी कापू —

१५ मे
नळ आला नाही. टाकी रिकामी. तिचा आवाज बारीक होतोय —
पक्कड फेकली. माठात थोडं आहे. मी आजवर लांबूनच ओतलं. आता ओंजळीने देतो, हात आत घालून. तिने धरला तर —