परक्या सिनेमातली न बोलणारी बाई

माय, काल आमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळात एक जुना फिलिपिनी सिनेमा दाखवला आणि तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय. तिकडचे त्या काळचे बहुतेक सिनेमे नष्ट झालेत. हा वाचला, तोही रेघोट्यांनी भरलेला, मधेच आवाज खरखरणारा. त्यात एक बाई आपली लेक श्रीमंताघरी दत्तक देते आणि त्याच घरात धुणीभांडी करत राहते. यातलं काहीच ठाऊक नसलेली लेक मोठी झाल्यावर तिला सगळ्यांदेखत चोर म्हणते. बाई काही बोलत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, इतका वेळ की आपल्यालाच मान खाली घालावीशी वाटते. आणि नेमकं तिथंच आमचे नांदेडचे रसिक हसले. शेजारी बसलेले प्राध्यापक म्हणाले, "असलं रडगाणं कशाला जपलं असेल?"

तू असतीस तर हसली नसतीस, चिडली असतीस. आपल्या गावाहून, लोह्याहून, एसटीनं आपण इथं नांदेडला सिनेमाला यायचो. लोक तुला रडकी म्हणायचे, पण तू रागानं रडायचीस. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता शेजारच्या काकूंना गोष्ट सांगायचीस आणि मधेच त्या नटीवरच खेकसायचीस, "बोल की गं. तोंड न्हाई का तुला?" मला ते आठवलं की अजून संताप येतो, कारण तू स्वतः कुठं बोललीस? तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे: मला नांदेडला शिकायला ठेवलं म्हणून मोठे काका भरल्या ओसरीत तुला वाट्टेल ते बोलून राहिलेत आणि तू पदर ओढून नुसती उभी आहेस. नंतर मी चुलीपाशी येऊन जाब विचारला, तेव्हा तव्यावरची नजर न काढता तू म्हणालीस, "मी बोलले असते तर तुझी शाळा बंद झाली असती. बोलू दे त्याला. तू शिकून राहिली न्हवं?"

म्हणून ती पडद्यावरची बाई मला कळली. त्या नटीनं ओठसुद्धा न हलवता सगळं सांगितलं. असं काम मी क्वचित पाहिलंय. प्राध्यापकांना उत्तर देताना मात्र मी प्रकाशयोजनेवर बोलले, कॅमेऱ्यावर बोलले, चांगलं ऐसपैस बोलले. त्यांनी मान डोलावली, पटलं काहीच नाही. तुझा विषय मी काढलाच नाही. काढला असता तर तिथंच रडू फुटलं असतं आणि ते पुन्हा हसले असते. तू आता नाहीस, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मी घाबरले, माय.