इर्मगार्डचा वंशतक्ता

१८ मार्च १९३६

प्रिय लिना,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. श्टाइगरबाईंच्या टोपलीत, अंड्यांखाली ठेवले आहे. त्यांना काही विचारू नकोस.

इर्मगार्डच्या वर्गात आता धर्माचा एक तास कमी करून वंशशास्त्र शिकवतात. महिन्यापूर्वी बाउक्नेख्त मास्तरांनी मुलींना घराण्याचा तक्ता काढून आणायला सांगितला. आजोबा-पणजोबा, त्यांचे धंदे, केसांचा रंग, कोणाला कोणते दुखणे. मला, खरं सांगते, कौतुकच वाटले. गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी. आपले बाबा पाद्रीबुवांच्या आधी मास्तरांना टोपी काढायचे. शाळेतून घरात काही वाईट येईल, हे आपल्याकडे कोणाच्या मनातही येत नसे. मी घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली घराण्याची नावे तिला वाचून दाखवली, रेघा सरळ आल्या का ते पाहिले. तुझ्या चौकोनापाशी ती थांबली. म्हणाली, "आई, लिनामावशीला फिट येते, ते लिहू?" मी पावाचे पीठ मळत होते. म्हटले, "खरं असेल तेच लिहावं. देव बघतो."

तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागला. मास्तर म्हणाले म्हणे, "असा प्रामाणिक तक्ता दुसरा नाही." पोरगी नाचतच घरी आली. शेजारच्या क्लाराबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या पोरीचं अक्षर छान हो, लांबूनसुद्धा वाचता येतं." मी हसले. तेव्हाच कळायला हवे होते.

सोमवारी आरोग्य कचेरीतली बाई आली. दोनदा कॉफी घेतली. तुझे वय, पत्ता, कोन्राडशी लग्न केव्हा, सगळे गोड बोलून विचारले. सुताराच्या मार्थाचे काय झाले ते तू ऐकलेस ना? त्या नव्या कायद्याने तिघे जण टेबलामागे बसतात, कागद वाचतात आणि पोरीला दवाखान्यात धाडतात. ती परत आली तेव्हा तिला कधीच मूल होणार नव्हते. ते तिघेही चांगले शिकलेले, म्हणून तर मला धडकी भरते. अडाण्याला निदान देवाची शपथ घालता येते. आणि तू बाळाची टोपडी आत्तापासून विणायला घेतलीस, असे कोन्राडच्या आईने परवाच कौतुकाने सांगितले.

उठता उठता त्या बाईने सहज विचारले, "जन्मापासूनचंच का हो हे?" दुखणे रक्तातले असेल, तरच हा कायदा लागतो. लिना, मी म्हणाले, "छे हो. सात वर्षांची असताना माळ्यावरून डोक्यावर पडली, तेव्हापासून. मीच उचललं तिला." आणि तिला केकचा तुकडा वाढला. तू कधीच पडली नाहीस, हे तुला नि मला ठाऊक. म्हणून हे पत्र. पाठ कर. काकांचा गोठा, गवताचा माळा, सुगीची दुपार. डाव्या कानामागे खोक, डॉक्टर बोलावला नाही. आईबाबा आता नाहीत, काकाही गेले. आपल्या दोघींना वेगवेगळे विचारतील. शब्द चुकता कामा नये. खोटे बोलू नये असे लहानपणी तुला मीच शिकवले, आता नीट बोल. देवाला काय सांगायचे ते माझे मी बघेन. फक्त इर्मगार्डशी अजून बोलले नाही. पडल्याचे तिने कधी ऐकलेले नाही, आणि मास्तरांनी विचारले तर ती खरे तेच सांगेल.

वाचून चुलीत घाल.

तुझीच,
आडेलहाइड