भिंतीवरची गुलाबी कार्डं

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
निर्मात्याचा फोन. म्हणे, पटकथेत घटना धडाधड घडतात, पण माणसं कुठे आहेत? चौदा तारखेपर्यंत माणसं घाला, नाहीतर राहू द्या. अडाणी आहे. माणसं घालणं हा माझ्या हातचा मळ. पिवळी कार्डं प्लॉटची, गुलाबी कॅरेक्टरची. हॉलची अख्खी भिंत घेतली. बायकोने लावलेले फोटो उतरवून ठेवले.

५ मार्च.
पिवळी एकेचाळीस, गुलाबी शून्य. दोष घरातल्या गोंगाटाचा. नियम केला: माझं काम चालू असताना कोणी बोलायचं नाही. फारच महत्त्वाचं असेल तर कार्डावर लिहून भिंतीला लावायचं. बायको बरं म्हणाली. समजूतदार आहे, तेवढा एक गुण.

८ मार्च.
भिंतीवर गुलाबी कार्ड. अक्षर बायकोचं. ‘काल पोरीचा वाढदिवस होता. केक कापताना ती तुझ्या पाठीकडे बघत होती.’ वाचून डोळ्यांत पाणी आलं. हिरोच्या बायकोच्या तोंडी जसंच्या तसं टाकलं.

११ मार्च, मंगळवार.
आणखी एक. ‘शुक्रवारी पोरीला घेऊन ताईकडे जातेय. कायमची. थांबवायचं असेल तर त्याआधी बोल.’ बाईचं कॅरेक्टर तयार झालं! पण लावलं कुठे, तर हिरो बँक लुटायला निघतो तिथे. प्लॉटचा पार विचका. काढून इंटरव्हलनंतर डकवलं. वळलो तर बायको दारात. तिने विचारलं, “वाचलंस?”
मी म्हटलं, “मस्त आहे. पण इतक्या लवकर नको. पुढे ढकललंय.”
ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली. घरातलं वातावरण सुधारतंय.

१३ मार्च.
बायको बॅगा भरतेय. कुठे निघाली, विचारणार होतो. पण नियम माझाच, मीच मोडला तर शिस्त कसली? शिवाय क्लायमॅक्स बाकी आहे.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.
निर्माता खूश. म्हणाला, “बाई एकदम जिवंत. पिक्चर तिचाच करू. नवरा तेवढा काढून टाका, त्याच्यावाचून काही अडत नाही.”
बायकोला सांगायला धावत घरी आलो. दाराला कुलूप. आत भिंतीवर ते कार्ड परत पहिल्या जागी, बँकेच्या आधी. तिथे ते जास्त बरोबर बसतं, हे मान्य करायला हवं.
फोन केला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, ती कामात आहे, फारच महत्त्वाचं असेल तर लिहून पाठवा.

संध्याकाळी ७.
कोरं गुलाबी कार्ड समोर घेऊन बसलोय. तीन तास झाले. नवरा काय बोलेल, काहीच सुचत नाही.